इंग्लंडच्या वाढत्या खेड्यात घर घेताय? आधी हे बघा

केंब्रिजशायर, बेडफर्डशायरकडच्या खेड्यांना लागून नवी वसाहत उभी राहते, तेव्हा माहितीपत्रकात तळं, हिरवळ आणि सायकलवरची मुलं हमखास असतात. शाळेचे वाढीव वर्ग, दवाखाना, बस हे कधी येणार याचा मात्र त्यात पत्ता नसतो. तो असतो 'सेक्शन १०६' करारात. १९९० च्या नगरनियोजन कायद्यातल्या या कलमाखाली बिल्डर आणि स्थानिक कौन्सिल यांच्यात करार होतो, आणि बिल्डरने द्यायचे पैसे बहुधा घरांत किती कुटुंबं राहायला आली यावर टप्प्याटप्प्याने बांधलेले असतात. विक्री मंदावली की हप्ता लांबतो आणि हप्त्याबरोबर सोयही. तोवर नव्या-जुन्या सगळ्यांनी आहे त्यात भागवायचं. केंब्रिजजवळच्या नॉर्थस्टोमध्ये १०,००० घरांची योजना आहे. पहिली कुटुंबं २०१७ मध्ये आली आणि पुढची कित्येक वर्षं त्यांना साध्या दुकानासाठीही बाहेर जावं लागत होतं. ते तर नियोजित शहर. शंभर-दीडशे घरांनी वाढलेल्या खेड्याकडे कोण बघतो?

हा करार कौन्सिलच्या प्लॅनिंग पोर्टलवर सहसा फुकट मिळतो. बांधकाम परवानगीचा अर्ज क्रमांक टाका, करार उघडा आणि त्यात 'ऑक्युपेशन' म्हणजे घरात राहायला येणं, हा शब्द शोधा. कितव्या घरानंतर काय मिळणार ते तिथेच कळतं. एक गोम लक्षात ठेवा. दवाखान्यासाठीची रक्कम साधारणपणे इमारतीसाठी असते, डॉक्टरांच्या पगारासाठी नव्हे. म्हणून खोल्या वाढूनही अपॉइंटमेंट मिळत नाही, असं सर्रास घडतं. वसाहतीतले रस्ते कौन्सिल ताब्यात घेणार का, हेही सॉलिसिटरला म्हणजे घरखरेदीच्या वकिलाला लेखी विचारा. घेणार नसेल तर कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) भरून वर दरवर्षी मेंटेनन्सचा आकार भरावा लागतो, आणि तो वाढत जातो.

मुलं लहान असतील तर तारखा पाठ हव्यात. प्राथमिक शाळेचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत, माध्यमिकचा ३१ ऑक्टोबरपर्यंत. पहिल्या तीन इयत्तांत एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे, त्यामुळे वर्ग भरला की अपील करूनही क्वचितच काही हाती लागतं. गावातली शाळा भरलेली असेल तर मूल पुढच्या गावात जातं. जागा असलेली सर्वांत जवळची योग्य शाळा ८ वर्षांखालच्या मुलासाठी २ मैलांपेक्षा आणि त्यापुढच्यांसाठी ३ मैलांपेक्षा लांब असेल तर प्रवास मोफत. दुसरी शाळा तुम्हीच पसंत केली असेल तर भाडं तुमचं.

जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. रिसेप्शनवर मागितला तरी त्यावाचून नोंदणी अडवता येत नाही. पण घर दवाखान्याच्या हद्दीत आहे का, ते घर घेण्याआधीच बघा. ग्रामीण भागात फार्मसीपासून १.६ किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्यांना काही दवाखाने स्वतःच औषधं देतात. ही मोठी सोय.

पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच म्हणा. नावात पॅरिश (मुळात चर्चचा विभाग) असलं तरी १८९४ पासून तिचा चर्चशी संबंध नाही. खेळाचं मैदान, बाकं, भाजीपाल्याचे भाड्याचे वाफे हा तिचा कारभार. शाळा आणि रस्ते तिच्या हातात नाहीत, त्यामुळे खड्ड्यांवरून तिथे भांडून उपयोग नाही. सभेची विषयपत्रिका किमान तीन दिवस आधी फलकावर लागते. कौन्सिल टॅक्सच्या बिलात तिचा हिस्सा वेगळा दाखवलेला असतो. जिथे बांधकामावर सीआयएल नावाची पट्टी लागू आहे, तिथे त्यातले १५ टक्के गावाला मिळतात, आणि गावाने स्वतःचा नेबरहुड प्लॅन, म्हणजे गावाच्या वाढीचा आराखडा, मतदानाने मंजूर करून घेतला असेल तर २५ टक्के. म्हणून त्या कंटाळवाण्या आराखड्याच्या मतदानाला जरूर जावं.

आता व्हिलेज हॉल, कारण गणपती आणि दिवाळी तिथेच व्हायची. बहुतेक हॉल स्वयंसेवी विश्वस्त चालवतात. भाडं तासावर, आणि मांडामांड व आवराआवर त्याच तासांत धरली जाते; चार तासांच्या कार्यक्रमाला सहा तास घ्या. स्वयंपाकघर बहुधा गरम करण्यापुरतं असतं. धूर ओढणारा पंखा नसतो, त्यामुळे तिथे पुऱ्या तळायला घेतल्या की अलार्म ठणाणा करणार. पुरणपोळ्या, भाजी घरून करून आणा. समई आणि धूप यांची लेखी परवानगी आधीच घ्या, कारण अनेक हॉलच्या विम्यात उघड्या ज्योतीला मनाई असते. नसेल मिळत तर आरतीच्या तबकात बॅटरीचे दिवे. दारू विकायची असेल किंवा रात्री ११ नंतर गाणी वाजवायची असतील आणि हॉलकडे तसं लायसन्स नसेल, तर कौन्सिलकडे २१ पौंड भरून तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्यावी लागते. ती कामकाजाचे पूर्ण १० दिवस आधी पोचली पाहिजे. त्यात नोटीस मिळाल्याचा आणि कार्यक्रमाचा दिवस मोजत नाहीत. अशा नोटिशीवर कर्मचारी धरून एका वेळी ४९९ माणसांपर्यंतच चालतं. कचऱ्याच्या पिशव्या घरी न्यायच्या, नाहीतर डिपॉझिट कापलं जातं.

जुन्या घरात गॅसची लाइन नसेल तर घर गरम करायच्या तेलाची टाकी बघा. पुरवठादार साधारणपणे ५०० लिटरपेक्षा कमी देत नाहीत, आणि थंडीत गाडी यायला आठवडे लागतात. टाकी पार रिकामी होऊ दिली तर तळाचा गाळ आणि हवा पाइपात शिरून बॉयलर बंद पडतो, मग मेकॅनिकचा खर्च वेगळा. बऱ्याच गावांत सगळ्यांची ऑर्डर एकत्र करून स्वस्तात तेल मागवणारा गट असतो. दुकानात किंवा हॉलच्या फलकावर त्याचा फोन नंबर मिळतो. ऑर्डर सप्टेंबरातच द्यावी.