सातवीतच नववीचं गणित?

आज जळगावात पालकांचा एकच प्रश्न: सातवीतल्या पोराला नववीच्या बीजगणिताच्या बॅचला टाकू का?

आधी कोऱ्या कागदावर −२(क्ष − ३) चा कंस सोडवायला द्या. −२क्ष + ६ ऐवजी −२क्ष − ६ लिहिलं तर थांबा. उणे गुणिले उणे अजून हातात बसलेलं नाही. मग विचारा, केळीचा भाव २० टक्के चढला, नंतर २० टक्के उतरला, मूळ भाव परत आला का? १०० चे १२० होतात, पण उतरताना टक्के १२० वर लागतात, म्हणून ९६. हे 'का' सांगता आलं तरच पुढे.

क्लासवाले सूत्रं घोकून घेतात (त्यांचाही पोर्शन संपवायचा असतो!), आणि पोरगं (अ+ब)² म्हणजे अ²+ब² लिहून मोकळं. २ आणि ३ घालून बघायला सांगा: २५ की १३? शाळेचा गृहपाठ मागे पडायला लागला तर बॅच बिनधास्त सोडा, फी गेली तर गेली.