बॅकरूम्स वाचायच्या तर लव्हक्राफ्ट बाजूला ठेवा

इंटरनेटवरच्या भयगूढांमध्ये 'बॅकरूम्स'इतकं छोटं मूळ क्वचितच कशाचं असेल. एक फोटो आणि दोन वाक्यं. मे २०१९ मध्ये फोरचॅन या निनावी चर्चांच्या संकेतस्थळावर, अलौकिक विषयांच्या पानावर, पाहताना काहीतरी बिनसल्यासारखं वाटेल अशी चित्रं कुणीतरी मागितली. त्यात हा फोटो आला आणि एका निनावी माणसानं त्याखाली ती दोन वाक्यं लिहिली. पुढचा सगळा डोलारा, म्हणजे शेकडो 'लेव्हल', त्यांतले प्राणी, जिवंत राहायचे नियम, या दोन वाक्यांवर उभा आहे.

त्याचा अर्थ लावायला निघालेला वाचक बहुतेक वेळा लव्हक्राफ्ट, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा अमेरिकी भयकथाकार, हातात घेऊनच येतो. अफाट जागा, वेड लावणारी भूमिती, माणसाचं क्षुद्रपण, सगळं जुळतंय असं वाटतं. पण ही किल्ली कुलपात जाते, फिरत नाही. फिरते ती इंग्रज लेखक अल्जरनॉन ब्लॅकवुडची, १९०७ सालची कथा 'द विलोज'.

(या साहित्याला मराठीत नेमकं नाव नाही. भयकथा म्हटलं की भूत हवं, गूढकथा म्हटलं की शेवटी उकल हवी. इथे दोन्हीची हमी नसते, म्हणून 'वीअर्ड' हाच शब्द वापरतो.)

आधी सोलून घ्यायचं काम. कागदाचे तीन रकाने करा: फोटोत काय आहे, वाक्यांत काय आहे, आणि नंतर लोकांनी काय चिकटवलं. अर्थ लावण्यातल्या बहुतेक चुका तिसऱ्या रकान्यातला माल पहिल्या दोनांत टाकल्यामुळे होतात. फोटोत आहे ते एवढंच: किंचित तिरका धरलेला कॅमेरा, पिवळसर वॉलपेपर, कार्पेट, छतात ट्यूबलाइटचे चौकोन, मध्येच उभ्या केलेल्या अर्धवट भिंती. खिडकी नाही, फर्निचर नाही, माणूस नाही. राक्षस तर नाहीच.

आता दुसरा रकाना. पहिल्या वाक्याचा मथितार्थ असा: सावध राहिला नाहीत आणि भलत्या ठिकाणी वास्तवातून 'नोक्लिप' झालात, तर तुम्ही बॅकरूम्समध्ये पोचता. तिथे जुन्या ओलसर कार्पेटचा कुबट वास, एकाच पिवळ्या रंगाचं वेड, ट्यूबलाइटची टिपेला पोचलेली न थांबणारी गुणगुण, आणि कशाही विभागलेल्या रिकाम्या खोल्यांचे अंदाजे ६० कोटी चौरस मैल.

क्रम बघा. वास आधी येतो. फोटोला वास नसतो आणि आवाजही नसतो. म्हणजे लिहिणाऱ्यानं चित्राचं वर्णन केलेलंच नाही, चित्राला जे देता येत नाही ते त्यानं पुरवलंय. रंग तेवढा फोटोतून घेतलाय आणि तो वास आणि आवाज यांच्या मधोमध ठेवलाय. ही गुणगुणही उगाच नाही. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकमध्ये लोखंडी पत्र्यांची चळत असते. विजेच्या प्रत्येक आवर्तनात ते पत्रे दोनदा ताणले जातात, म्हणून आवाज पुरवठ्याच्या दुप्पट वारंवारतेला येतो. अमेरिकेतल्या ६० हर्ट्‌झच्या विजेवर तो १२० हर्ट्‌झ. इलेक्ट्रॉनिक चोक २० हजार हर्ट्‌झच्या वर चालतात, ते कानाला ऐकूच येत नाहीत. त्यामुळे हा एक आवाज त्या जागेचं वयही सांगून जातो: कुणीतरी ती काही दशकांपूर्वी बांधली, दिवे लावले आणि बंद करायला परत आलं नाही. मग वीज कोण पुरवतंय? हा प्रश्न वाक्यात नाही, पण त्या आवाजात आहे.

मग तो आकडा. पृथ्वीचा सगळा पृष्ठभाग, समुद्र धरून, सुमारे १९.७ कोटी चौरस मैल आहे. म्हणजे या खोल्या पृथ्वीच्या तिप्पट. पण मला आकड्यापेक्षा त्याच्या आधीचा 'अंदाजे' हा शब्द जास्त छळतो. अंदाज केला कुणी? लव्हक्राफ्टच्या 'द कॉल ऑफ कथुल्हू'मध्ये बुडालेल्या शहराचे अक्षांश-रेखांश दिलेत, ४७ अंश ९ मिनिटं दक्षिण, १२६ अंश ४३ मिनिटं पश्चिम. पण तिथे तो आकडा योहान्सन नावाच्या खलाशाच्या हस्तलिखितातून येतो, हस्तलिखित त्याच्या विधवेकडून येतं, आणि हे सगळे कागद निवेदकाच्या मृत्यूनंतर सापडलेले असतात. प्रत्येक मापामागे मापणारा उभा असतो. बॅकरूम्समध्ये माप आहे, मापणारा गायब. लव्हक्राफ्टची किल्ली पहिल्यांदा अडते ती इथे. त्याची भीती पुराव्यांची जुळवाजुळव करताना चढत जाते. इथे जुळवायला काहीच दिलेलं नाही.

रंगाचं एक सापळ्यासारखं आहे. पिवळं दिसलं की लोक थेट रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५ सालच्या 'द किंग इन यलो'कडे धावतात. त्या संग्रहातल्या काही कथा आहेत एका काल्पनिक नाटकाबद्दल, ज्याचा पहिला अंक निरुपद्रवी आणि दुसरा वाचणाऱ्याला वेड लावणारा. बॅकरूम्समध्ये ना निषिद्ध मजकूर, ना वाचण्याचा मोह. रंग जुळला म्हणजे कथा जुळत नाही. पिवळ्याचं खरं नातं तीन वर्षं मागे आहे, शार्लट पर्किन्स गिलमनच्या 'द यलो वॉलपेपर'मध्ये (१८९२). विश्रांतीच्या नावाखाली एका खोलीत ठेवलेली बाई, भिंतीवरच्या पिवळ्या कागदाची तर्काला न जुमानणारी नक्षी, आणि त्या कागदाचा घरभर पसरलेला वास. हा वास कशासारखा, हे सांगताना तिला शेवटी त्याचा रंगच आठवतो: पिवळा वास. कुबट वासाला लागूनच एकाच पिवळ्या रंगाचं वेड, हा निनावी पोस्टचा क्रम त्याच घराण्यातला आहे. लिहिणाऱ्यानं गिलमन वाचली होती असं मी म्हणत नाही. एकाच भिंतीकडे फार वेळ पाहत राहिलं की इंद्रियं एकमेकांत सांडायला लागतात, हे दोघांनाही कळलेलं आहे.

आता 'नोक्लिप'. हा शब्द व्हिडिओ गेमचा, 'क्वेक'सारख्या खेळांतल्या आज्ञेचा. ती दिली की भिंतीला अडण्याचा नियम बंद होतो आणि खेळाडू भिंतीतून आरपार जातो. इथे मात्र लव्हक्राफ्टला त्याचा मान दिलाच पाहिजे. 'कॉल ऑफ कथुल्हू'मध्ये खलाशी जीव घेऊन होडीकडे पळत असतात, पार्कर नावाचा एक जण घसरतो आणि दगडी बांधकामातल्या, तिथे असायलाच नको अशा एका कोनात गिळला जातो. तो कोन दिसायला लघुकोन, वागायला विशालकोन. १९२८ साली छापलेलं हे नोक्लिपच आहे, फक्त त्याला नाव नव्हतं.

पण पार्कर तिथे स्वतःच्या पायांनी गेला होता. जुन्या वीअर्ड कथेत आत पडणारा माणूस बहुधा काहीतरी उकरणारा असतो: पोथी उघडतो, दार ढकलतो, बेटावर उतरतो. नोक्लिपला एवढंही लागत नाही. थोडं दुर्लक्ष झालं, चुकीच्या जागी टेकलात, बस. पाप नाही, कुतूहल नाही, नुसता वेंधळेपणा. इथून पुढे ब्लॅकवुड लागतो.

'द विलोज'मध्ये निवेदक आणि त्याचा स्वीडिश सोबती कनू या छोट्या निमुळत्या होडीतून डॅन्यूब नदीनं उतरत असतात. व्हिएन्ना मागे पडलंय, बुडापेस्ट यायचंय, मधल्या दलदलीत पूर आलाय. ते वाळूच्या एका बेटावर तंबू ठोकतात. बेटावर वाळुंजाच्या, म्हणजे विलोच्या, झुडपांशिवाय काही नाही आणि पुरात ते तासातासानं खचतंय. पहिल्या रात्रीनंतर सकाळी दिसतं की एक वल्हं नाहीसं झालंय. कनूच्या तळाला बारीक, लांब चीर आहे. उरलेलं वल्हं कुणीतरी निगुतीनं घासून इतकं पातळ केलंय की जोर लावला की मोडावं. आणि वाळूत जागोजाग नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे.

ब्लॅकवुडची कारागिरी यापुढे आहे. निवेदक प्रत्येक गोष्टीचं स्पष्टीकरण देतो. चीर किनाऱ्याला लागताना पडली असेल. वल्हं वाऱ्यानं उडणाऱ्या वाळूनं झिजलं असेल. एकेकटं घेतलं तर प्रत्येक स्पष्टीकरण पटण्याजोगं आहे. सगळी एकत्र ठेवली की हास्यास्पद होतात आणि ते त्यालाही कळतं. शिदोरीत पाव नसतो तेव्हा तर कारण अगदी खरं निघतं, तो विकत घ्यायचाच राहून गेलेला असतो. दोघं त्यावर जरा जास्तच हसतात. एखादं ऑनलाइन गूढ तपासताना हा प्रयोग करून बघा: प्रत्येक तपशिलासमोर साधं कारण लिहा आणि मग कारणांची बेरीज करा. बेरीज सहज होत असेल तर ते वीअर्ड नाही, नुसती फसवणूक किंवा कोडं आहे.

आणि मग स्वीडचं ते बोलणं. निवेदकाला वाटत असतं ही पंचमहाभूतांची शक्ती असावी, स्वीडला आधी वाटलेलं जुने देव असावेत. तो म्हणतो, दोन्ही नाही. देव असते तर त्यांचा माणसाशी काही संबंध तरी असता, पूजेचा म्हणा, बळीचा म्हणा. यांचा माणसाशी काडीचाही संबंध नाही. त्यांची जागा नेमकी या ठिकाणी आपल्या जागेला चिकटली आहे, हा निव्वळ योगायोग. बॅकरूम्सच्या पहिल्या वाक्याचं याहून चांगलं भाष्य मला माहीत नाही. लव्हक्राफ्टनं स्वतः १९२७ च्या आपल्या निबंधात ब्लॅकवुडच्या कथांमध्ये 'द विलोज'ला अग्रस्थान दिलंय, हे जाता जाता.

दुसरं वाक्य छोटं आहे: जवळपास काही फिरताना ऐकू आलं तर देव तुमचं रक्षण करो, कारण त्या फिरणाऱ्यानं तुम्हाला नक्कीच ऐकलेलं आहे. यात दिसण्याचा शब्दही नाही. स्वीडही बजावतो की त्यांच्याबद्दल बोलू नकोस, शक्यतो विचारही करू नकोस, त्यानंच त्यांना आपला माग लागतो. एम. आर. जेम्सच्या १९०४ सालच्या 'ओ, व्हिसल' या भूतकथेत हेच फार जवळून दिसतं. चादरींचं शरीर घेऊन उठलेली ती वस्तू आंधळी असते, हात पसरून खोली चाचपत असते. कथेचा नायक पार्किन्स श्वास रोखून असतो तोवर तिला काही सापडत नाही. कापडाचं टोक तोंडाला लागतं, त्याच्या तोंडून आवाज निघतो, आणि तिला दिशा मिळते.

ब्रिटिश समीक्षक मार्क फिशरनं २०१६ मध्ये केलेला भेद इथे उपयोगी पडतो. जिथे जे मुळातच बसत नाही ते तिथे हजर असणं म्हणजे 'वीअर्ड'. जिथे काही असायला हवं तिथे काहीच नसणं, किंवा काहीच नसायला हवं तिथे काहीतरी असणं, म्हणजे 'ईअरी'. त्याचा मुद्दा असा की ईअरीमध्ये प्रश्न कर्त्याचा असतो: हे कुणी केलं, कुणी आहे का? फोटो निखळ ईअरी आहे. पहिलं वाक्यही. दुसऱ्या वाक्यात कर्ता येतोय असं वाटतं आणि तिथेच मजकूर संपतो.

म्हणूनच तिसऱ्या रकान्यातल्या प्राण्यांच्या याद्या मला पोकळ वाटतात. नाव, उंची, कमजोरी आणि पळायची पद्धत दिली की कर्त्याचा प्रश्न सुटतो आणि उरतो तो खेळ. खेळ म्हणून तो वाईट नाही, पण तो वेगळा प्रकार आहे. केन पार्सन्सनं यूट्यूबवर सुरू केलेल्या बॅकरूम्स मालिकेच्या जानेवारी २०२२ मधल्या पहिल्या व्हिडिओतही प्राणी आहे आणि माझ्या मते तो त्यातला सर्वांत कच्चा भाग. रिकाम्या खोल्यांतून कॅमेरा नुसता भटकतो ते भाग कितीतरी वरचे. पुढे त्याच मालिकेत 'एसिंक' नावाची संस्था, तिच्या चित्रफिती आणि कागदपत्रं येतात. तिथे लव्हक्राफ्टची किल्ली खरोखर बसते, कारण आता मापणारे आलेले असतात. म्हणजे एकाच नावाखाली दोन निराळ्या कथा आहेत, आणि मालिका ज्या किल्लीनं उघडते तीच मूळ पोस्टला लावणं ही नेहमीची चूक.

२०२४ मध्ये फोटोचा पत्ता लागला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश इथे, आधी फर्निचरचं दुकान असलेल्या इमारतीत छंदाच्या वस्तूंचं दुकान होत होतं. त्या कामादरम्यान जून २००२ मध्ये तो काढलेला होता आणि नंतर दुकानाच्या पानावर टाकलेला होता. अर्धवट भिंती, रिकामेपणा, कार्पेट, सगळ्याचा खुलासा झाला. गूढ संपलं, असं बऱ्याच जणांनी जाहीरही केलं.

वेल्श लेखक आर्थर मॅकनची गोष्ट इथे आठवते. २९ सप्टेंबर १९१४ रोजी लंडनच्या 'इव्हिनिंग न्यूज'मध्ये त्याची 'द बोमेन' छापून आली: पहिल्या महायुद्धातल्या मॉन्सच्या माघारीत इंग्रज सैनिकांच्या मदतीला अॅजिनकोर्टच्या मध्ययुगीन लढाईतल्या इंग्रज धनुर्धरांच्या सावल्या येतात. वृत्तपत्रात आलेली, बातमीच्या बाजात लिहिलेली. लोकांनी ती खरी धरली, चर्चच्या मासिकांनी पुन्हा छापली, पुढे धनुर्धरांचे देवदूत झाले. मॅकन सांगत राहिला की हे मी रचलंय. एका धर्मगुरूनं त्याला उलट कळवलं की तुमचीच काही चूक होत असणार, मूळ हकिकत खरीच असली पाहिजे, तुम्ही फक्त ती फुलवलीत.

बॅकरूम्समध्ये फरक एवढाच की ज्याचा पत्ता लागला तो फोटो आहे, दोन वाक्यं नव्हेत. ऑशकॉशच्या त्या खोलीत चोक गुणगुणत होता की नाही हे फोटोवरून कळत नाही, आणि वाक्यं तर आवाजाचीच आहेत. 'द विलोज'च्या शेवटी झुडपांच्या मुळांत एका शेतकऱ्याचं प्रेत अडकलेलं सापडतं. त्याच्या कातडीवर वाळूतल्या खड्ड्यांसारख्याच नरसाळ्याच्या खुणा असतात. कोणी केल्या, हे ब्लॅकवुड सांगत नाही. निनावी लेखक तर प्रेतापर्यंतही जात नाही, तो 'ऐकलेलं आहे'वरच थांबतो.