बोर्डीचे घर आणि भरतीची रेषा

नाशिकहून समुद्र दूर आहे असे आपण उगाच धरून चालतो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा अशा रस्त्याने उतरत गेले की साधारण चार-साडेचार तासांत डहाणूचा किनारा लागतो, आणि तिथून उत्तरेला घोलवड-बोर्डीपर्यंत सुरूची झाडे आणि चिकूच्या वाड्या साथ सोडत नाहीत. पत्नीला सांधेदुखीमुळे नाशिकची थंडी सोसेना, तेव्हा हिवाळ्याचे तीन महिने राहता येईल असे छोटे घर त्या भागात घ्यावे, असा विचार आम्ही दोघांनी दोन वर्षांपूर्वी पक्का केला. मुलांनी नापसंती दाखवली. ती ऐकून घेतली आणि आम्ही शोध चालू ठेवला.

या किनाऱ्याची ओढ कशामुळे आहे, हे तिथे चार दिवस राहिल्यावर उमगले. ओहोटी लागली की पाणी इतके आत जाते की ओल्या वाळूवरून बराच वेळ चालत राहावे लागते, आणि मागे वळून पाहिले तर सुरूच्या रांगेमागे उंच इमारत जवळजवळ दिसत नाही. हा योगायोग नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला आणि उद्योगांवर निर्बंध आले. त्याच्या देखरेखीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली प्राधिकरणही नेमले गेले. जी शांतता विकत घ्यायला मी निघालो होतो, तिच्या मागे कायद्याचाच हात होता, आणि तोच कायदा माझ्याही आड येणार हे मला तेव्हा सुचले नाही.

पहिले घर थेट समुद्राकाठी होते. ओसरीवर बसले की झाडांच्या फटीतून पाणी दिसायचे, आणि मध्यस्थाने आम्हाला नेमके संध्याकाळीच तिथे नेले होते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी डहाणू तालुक्यातल्या नियोजित वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले होते, त्यामुळे भाव वाढणार हे तर तो प्रत्येक वाक्याआड सांगत होता. मी भुललो आणि इसार म्हणून एकवीस हजार रुपये दिले. पावतीवर घराचा उल्लेख होता, जमिनीचा गट क्रमांक नव्हता. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात येऊ नये, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

नाशिकला परत आल्यावर कॉलेज रोडच्या वकील मित्राकडे कागद दाखवले. सातबारा ऑनलाइन काढला तर जमीन अजून शेतीचीच होती, बिनशेती झालेलीच नव्हती. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा मध्यस्थाने मोठ्या विश्वासाने पुढे केला होता. मित्राने तो बाजूला सारला आणि सांगितले, ‘ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.’ नंतर प्रश्न आला अंतराचा. किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागाचे लोकसंख्येच्या घनतेनुसार दोन गट आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त घनता असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत, आणि त्याहून कमी असेल तर २०० मीटरपर्यंतचा पट्टा विकासबंदीचा ठरतो. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा तेवढ्याच क्षेत्रात पुनर्बांधणी होऊ शकते. पण घरच अधिकृत नसेल तर ही सवलत कशी मिळणार?

रेषा म्हणजे नेमके काय, ते मला प्रत्यक्ष पाहायचे होते. कायद्याच्या भाषेत ती उधाणाच्या भरतीला पाणी ज्या सर्वांत उंच ठिकाणापर्यंत पोहोचते तिथे असते, आणि अधिकृत आखणी नकाशावर असते. मी मुद्दाम अमावास्येच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास त्या घरासमोर जाऊन उभा राहिलो. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींनी मला चांगला वेळ न्याहाळले आणि विचारले, ‘घर घेताव का भाऊ? मग आता आलात ते बरं केलंत.’ पाणी हळूहळू सुरूच्या बुंध्यांपर्यंत आले. तिथून कुंपणापर्यंत मी पावले मोजली, ती एकशे दहा भरली, म्हणजे फार तर ऐंशी मीटर. नकाशा पाहिल्यावर वेगळे काही निघाले नाही. इसार बुडाला, मध्यस्थाचे म्हणणे एकच होते की ‘नंतर सगळे होऊन जाते’.

दुसरी जागा चिकूच्या वाडीतली, दाट सावलीची, विहीर असलेली. सातबाऱ्यात मूळ खातेदार आदिवासी असल्याची नोंद दिसली. डहाणू अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ नुसार अशी जमीन बिगर आदिवासीला पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. आमच्याकडे पेठ-सुरगाण्यात हा नियम लहानपणापासून कानावर असल्यामुळे ती जागा पाच मिनिटांतच सोडली. कुणीतरी ‘नावावर दुसऱ्याच्या ठेवा’ असेही सुचवले. ते ऐकून घेतले नाही, इतकेच लिहितो.

तिसरे घर समुद्रापासून सुमारे सातशे मीटर आत, बिनशेती केलेल्या भूखंडावर होते. मंजूर नकाशा आणि बांधकाम परवाना उपलब्ध होता, आणि सीआरझेडचा पट्टा भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत धरला जात असल्यामुळे त्याची अडचण उरली नव्हती. मालक एक वयस्क गृहस्थ होते. ते प्रामाणिकपणे म्हणाले, ‘साहेब, समुद्र खिडकीतून दिसत नाही, हे आधीच सांगतो.’ घराची खरी परीक्षा मात्र एका बिजागरीने घेतली. मागच्या दाराची लोखंडी बिजागरी मी नखाने टोकरली तर गंजाचे पापुद्रे सुटून हातात आले, आणि आतला धातू काडीएवढा उरलेला होता. खारा वारा सातशे मीटरवरही हे करतो, मग समुद्राकाठच्या त्या पहिल्या घराचे काय होणार? मी नाशिकहून एका बांधकाम अभियंत्याला नेले. स्लॅबच्या कडेला कुठे सळई उघडी पडली आहे का, आणि २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात जाणवत असलेल्या भूकंपाच्या धक्क्यांनी भिंतींना तडे गेले आहेत का, हे दोन्ही त्याने तपासले. दोन ठिकाणी प्लास्टर फोडून सळया साफ कराव्या लागतील, बाकी घर शाबूत आहे, असे त्याचे मत पडले.

पुढचे सारे कागदावर गेले. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, त्यावर हरकत आली नाही, मग साठेखत. कर्जासाठी बँकेने मंजूर नकाशाची मूळ प्रत मागितली आणि मालकाच्या कपाटात ती सापडायला तीन आठवडे गेले. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल तीस हजार रुपये. आणि खरेदी पत्नीच्या एकटीच्या नावाने केल्याने मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळाली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिचा अंगठा यंत्राने तीनदा नाकारला, कारण ती सांधेदुखीचे मलम लावून आली होती. चौथ्यांदा पुसून ठेवला तेव्हा तो उमटला.

इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीच्या उताऱ्याची, प्रत हातात आली त्याच दिवशी आम्ही रविवार कारंजावर गेलो आणि पितळी बिजागऱ्यांच्या बारा जोड्या घेतल्या. दुकानदाराने विचारले, ‘एवढ्या कशाला?’ पत्नी म्हणाली, ‘बोर्डीला घर घेतलंय.’ मग तो बिजागरीचे वजन करता करता थांबला आणि समुद्र दिसतो का, असे त्याने विचारले. ती म्हणाली की दिसत नाही, पण उधाणाच्या रात्री ऐकू येतो.