भूमितीची कार्यशाळा: वक्ते मिळतात, चिन्हं जुळत नाहीत

पुणे-मुंबई पट्ट्यात आधुनिक भूमितीच्या वक्त्यांची वानवा नाही. पुण्यात आयसर ही विज्ञानसंस्था आहे, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि आयआयटी. पाच दिवसांच्या कार्यशाळेचं वेळापत्रक सहज भरतं. घोळ होतो तो तिसऱ्या दिवशी, दोन वक्त्यांची उत्तरं जुळेनाशी होतात तेव्हा. आणि दोघंही बरोबर असतात.

लाप्लासियनच घ्या, म्हणजे फलनाची दुसरी विकलनं एकत्र करणारी क्रिया. एकक गोलावर (त्रिज्या १) त्याची आयगेनमूल्यं, म्हणजे ही क्रिया काही खास फलनांना ज्या संख्यांनी नुसतं गुणते त्या संख्या, एका वक्त्याकडे ०, २, ६, १२, तर दुसऱ्याकडे ०, -२, -६, -१२. कुणी व्याख्येतच उणे घालतो, कुणी घालत नाही, एवढंच. प्रोजेक्टिव्ह बंडलचं दुखणं जास्त चिवट. जागेच्या प्रत्येक बिंदूवर एक सदिश अवकाश बसवला की झालं सदिश बंडल; त्यावरून प्रोजेक्टिव्ह बंडल बनवताना काही जण त्या अवकाशांतल्या रेषा मोजतात, काही हायपरप्लेन (एक मिती कमी असलेले उपअवकाश). म्हणजे एकाचं बंडल ते दुसऱ्याचं ड्युअल (उलट बाजूने पाहिलेलं जोडीचं बंडल). रँक, म्हणजे त्या अवकाशांची मिती, २ असेल तर जागा तीच निघते, बदलतं फक्त वरचं लाइन बंडल (रँक १ चं बंडल), त्यामुळे चूक दोन-तीन व्याख्यानं बिनबोभाट लपून राहते.

म्हणून आठवडाभर आधी सगळ्यांना एकपानी पत्रक पाठवावं: लाप्लासियनचं चिन्ह, वक्रता टेन्सरचं (वक्रता मोजणाऱ्या राशीचं) चिन्ह, प्रोजेक्टिव्ह बंडलची व्याख्या, मोमेंट मॅपच्या (फिरण्यासारख्या सममितीशी जोडलेल्या फलनाच्या) समीकरणात उणे आहे का, आणि वर्तुळाच्या एका पूर्ण फेरीचा आवर्तकाल १ की पायची दुप्पट.

पत्रकाच्या खाली एक तपासणीचं गणित हवंच. एकक गोल उभ्या अक्षाभोवती फिरवा. मोमेंट मॅप म्हणजे उंची, -१ ते १, लांबी २. तिला आवर्तकालाने, म्हणजे पायच्या दुपटीने गुणलं की पायची चौपट: गोलाचं क्षेत्रफळ. आवर्तकाल १ धरला तर फिरण्याचा वेग पायच्या दुपटीने वाढतो, मोमेंट मॅपही तितकाच ताणला जातो आणि लांबीच पायची चौपट होते. क्षेत्रफळ तेच. ज्याचं वेगळं येईल त्याने दोन पद्धतींची खिचडी केली आहे.

दिवसाला ६० मिनिटांची चार व्याख्यानं पुरे. पाचव्याला कुणी ऐकत नाही. स्लाइड शक्यतो नकोत, कारण चुकलेलं चिन्ह लक्षात येईपर्यंत पुढची स्लाइड आलेली असते. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात ठरलेले संकेत लिहून चौकट करावी. आणि मधल्या सुट्टीत उत्साहाने सगळा फळा पुसणाऱ्या विद्यार्थ्याला ती चौकट आधीच दाखवून ठेवावी.