उजनीच्या पाण्यात थंडी उतरते तेव्हा

उजनी धरणाच्या काठावरच्या भिगवणला हिवाळ्यात जाणारे बहुतेक लोक रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जातात. मी गेलो होतो मासेमारी बघायला. काठावर गळ टाकून बसायची आवड जुनी, पण थंडीत मासा नेमका जातो कुठे, हे कुणीतरी पाण्यावर नेऊन दाखवावं अशी फार इच्छा होती.

कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा उजाडायचं होतं. डिसेंबरात या भागात पहाटेचा पारा कधी कधी दहाच्याही खाली जातो. बोटं आखडली होती, आणि पाण्यावरून मात्र वाफा निघत होत्या. ज्यांच्या होडीत बसायचं होतं ते मामा म्हणाले, "हात घाला की पाण्यात." घातला. पाणी चक्क कोमट लागलं.

पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. एका रात्रीच्या गारठ्यानं एवढ्या मोठ्या जलाशयाला फरक पडत नाही. सलग आठ-दहा रात्री कडाक्याच्या गेल्या की तो खरा पाण्यात उतरतो, आणि तोही आधी उथळ काठाला. म्हणजे थंडीची पहिली लाट आणि माशाचं मंदावणं यांत काही दिवसांचं अंतर पडतं. काठावर बसणाऱ्याला हे अंतर ठाऊक असायलाच हवं. हवेत पहिला गारठा आला म्हणून गळ गुंडाळून ठेवणारे बरेच जण चांगले दिवस वाया घालवतात.

मामांनी आदल्या संध्याकाळी जाळी सोडली होती. होडी वल्हवत ते उथळ भाग मागे टाकून जुन्या भीमेच्या पात्राकडे निघाले. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि नदी, मळे, गावं पाण्याखाली गेली. पण तळाशी नदीचं पात्र अजून खोल आहे आणि मामांना त्याचं प्रत्येक वळण पाठ आहे. "गारठा वाढला की मासा खाली बसतोय, दादा. काठाला गार, खोलात उबदार. दुपारी उन्हं तापली की मग काठाला येतोय चरायला."

मासा थंड रक्ताचा. भोवतालचं पाणी निवलं की त्याचं अंगही निवतं, पचन मंदावतं, भूक कमी होते. रोहू, कटला, मृगळ यांना साधारण पंचवीस ते तीस अंशांचं पाणी मानवतं. त्याखाली पारा जाईल तसे ते खाणं कमी करत जातात. चिलापी तर थंडीला आणखी हळवी. ती मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणली गेली. गार पाण्यात ती सुस्तावते आणि फार गारठ्यात मरते. पण उजनीच्या पाण्याला तेवढी थंडी शिवत नाही, म्हणून तिचं इथं मस्त चाललं आहे. त्या दिवशीही जाळ्यात सगळ्यात जास्त चिलापीच होती. जोडीला काही रोहू, एक लांबलचक वाम, आणि काटेरी पाठीचे सकर मासे. हे सकर जाळं फाडतात आणि त्यांना गिऱ्हाईक नाही. मामा एकेक सोडवताना बोटं जपत होते.

थंडीचा एक फायदा मला तिथंच नीट उमगला. मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी भीमेत येतं आणि भीमेतून उजनीत. त्यावर शेवाळ माजतं, जलपर्णी पसरते. हे शेवाळ रात्रभर पाण्यातला प्राणवायू ओढतं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात अशा पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. गार पाण्यात मात्र प्राणवायू जास्त विरघळतो: तीस अंशांना लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, तर पंधरा अंशांना दहाच्या आसपास. शिवाय माशाची गरजही कमी झालेली. हिवाळा माशाला उपाशी ठेवतो, पण त्याचा श्वास मोकळा करतो.

दहा वाजले तसे मामांनी होडी पश्चिमेच्या काठाला घेतली. सकाळपासून पूर्वेचा वारा सुटला होता. वारा उन्हानं तापलेला वरचा थर ढकलत नेतो आणि समोरच्या काठाला साठवतो. तिथं आधीच गळवाले बसले होते, कणकेच्या आणि गांडुळाच्या आमिषाला. आमिष छोटं, दोर बारीक. थंडीत रोहू आमिषाला झडप घालत नाही, नुसता ओठांनी चाचपतो. दोराला बांधलेलं तरंगतं बूच जरासं डुललं की ओढायचं, ते बुडायची वाट बघायची नाही.

मला सगळ्यात जास्त खुपलं ते किनाऱ्याला वाळत घातलेलं बारीक आसाचं, म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं. आपल्याकडचे कटला-रोहू पावसाळ्यात वितात आणि जलाशयात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लंही तेव्हाच सोडतात. म्हणजे हिवाळ्यात ही पिढी अजून लहान, उथळ पाण्यात थवे करून फिरणारी. नेमक्या याच महिन्यांत बारीक जाळं टाकलं तर पुढच्या दोन वर्षांचा मासा एका ओढीत संपतो. मामा त्या जाळ्याकडे बघून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आमच्या पोरांच्या ताटातलं काढत्यात." या जाळ्यांवर कडक कारवाई व्हायला हवी, आणि ती थंडीतच व्हायला हवी.

परतताना डोक्यावरून कैकर हा शिकारी पक्षी गेला, पंजात मासा धरून, माशाचं तोंड पुढं. रोहितांचा मोठा थवा चिखलात चोची उलट्या घालून चाळणं चालवून होता. त्यांना मासे नकोत, शेवाळ आणि बारीक कवचधारी जीव हवेत. त्यांना हा चिखल मिळतो कारण रब्बीसाठी कालव्याला आवर्तन सुटतं आणि पाणी हटू लागतं. भिगवणकडचा फुगवटा इतका उथळ आहे की पाणी फूटभर उतरलं तरी केवढी तरी जमीन उघडी पडते. मासा तेवढाच आत सरकतो आणि जाळ्याच्या जागाही.

निघताना मामांना विचारलं, जानेवारीअखेर आलो तर इथंच भेटाल का? "इथं तेव्हा चिखल असंल," ते म्हणाले. "डाळजकडनं या. आन् एवढ्या पहाटं नगा येऊ, उन्हं वर आल्यावर या."