लिशियन वाचन: क्बत्रु, तुहेस आणि अडून बसलेला मिंती

लिशियन म्हणजे आजच्या नैऋत्य तुर्कस्तानातल्या लिशियाची प्राचीन भाषा. तिथल्या थडग्यांवरचं ठरीव वाक्य आता सरावाचं झालंय. 'एबेंन्ने खुपां मेंती प्रन्नवतें…', म्हणजे हे थडगं अमक्याने बांधलं, बायकोसाठी आणि मुलांसाठी. बरेच लेख तेवढ्यावरच संपतात आणि शब्दसंग्रह काही वाढत नाही. म्हणून या खेपेला त्लोस या लिशियन शहरातला लिशियन-ग्रीक द्वैभाषिक लेख घेतला, कालिंकाच्या १९०१ च्या संग्रहातला क्रमांक २५.

यातली बायको पिनारा या लिशियन शहराची, ओर्ताकियाची मुलगी. ग्रीकमध्ये 'थुगातेरा', लिशियनमध्ये 'क्बत्रु'. 'क्बत्रु' आणि आपली 'दुहिता' यांची तोंडं एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत, तरी सख्ख्या नात्यातल्या. मूळच्या 'द्व'चं लिशियनमध्ये 'क्ब' होतं. लुवियन या लिशियनच्या जवळच्या प्राचीन भाषेत हीच मुलगी 'तुवत्रि' आहे, आणि 'द्वि'चा लिशियन भाऊबंद 'क्बि'. उलट 'अदा' बघा. रक्कम सांगताना येणारं हे पैशाचं एकक. 'रक्कम अदा करणे' लगेच ओठांवर येतं, पण आपला 'अदा' अरबीतून आलेला. नातं शून्य! नवीन मंडळींनी नुसत्या सारखेपणावर शब्द लावू नयेत, ते याचसाठी.

खरी गंमत 'तुहेस'ची. नवरा पुरिहिमेतेचा तुहेस, बायको प्रियेनुबाची तुहेस. ग्रीक मजकुरात तिथे भावंडाचा मुलगा, भावंडाची मुलगी असे शब्द आहेत. भावंड म्हणजे भाऊ की बहीण, हे ग्रीक सांगत नाही. मराठीत मात्र पुतण्या की भाचा हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुढे सरकत नाही. लिशियन लोक आईचं नाव लावतात असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतो, त्यामुळे 'भाचा'कडे मन ओढतं. पण थडग्यांवर बापाचंच नाव जास्त दिसतं. मी तक्त्यात 'पुतण्या/भाचा' असं तिरकी रेघ मारून ठेवलंय.

राहिला थडग्यांवरच्या इतर लेखांत येणारा 'मिंती'. थडग्यांची देखरेख करणारं कसलंसं मंडळ, एवढं संदर्भावरून कळतं. ग्रीक लेखांकडे धाव घ्यावी, तर त्यांनीही भाषांतर न करता शब्द तसाच उचललाय, 'मिंदिस' म्हणून. झाली पंचाईत. सध्या मिंतीची सगळी वाक्यं क्रियापद आणि रकमेसकट एका शीटमध्ये उतरवतोय. व्युत्पत्तीचा रकाना मुद्दाम कोरा ठेवलाय, नाहीतर आधी तोच भरायचा मोह होतो.