आकडा नको, श्वास बघा

प्रयोगशाळेतल्या उंदरांना एमआरआयसाठी भूल देणं आणि पुन्हा शुद्धीवर आणणं, हे पशुवैद्यक म्हणून माझ्याकडे असतं. नवीन आलेली मुलं आधी हेच विचारतात, "मॅडम, आयसोफ्लुरेन किती टक्के?" आयसोफ्लुरेन म्हणजे श्वासातून द्यायचं भुलीचं औषध. बंद पेटीत सुरुवातीला ३-४, तोंडाला नोज कोन लावल्यावर १ ते २. पण हा आकडा धरून बसू नका. जेवढ्यावर एक उंदीर शांत झोपतो, तेवढ्यावरच दुसऱ्याचा श्वास बसायला लागतो.

आणि एमआरआय मशीनच्या नळीत गेलेला उंदीर दिसत नाही. दिसते ती फक्त पोटाखालच्या हवेच्या छोट्या उशीवरून पडद्यावर येणारी श्वासाची लाट. मी ती मिनिटाला साठ ते शंभरच्या दरम्यान ठेवते. दोन लाटांमधलं अंतर वाढलं आणि प्रत्येक श्वास हिसका देऊन यायला लागला, की भूल जास्त झाली; लगेच कमी करायची. मात्र व्हेपोरायझर, म्हणजे औषधाची वाफ हवेत मिसळणारं यंत्र, मशीनच्या चुंबकापासून लांब ठेवावा लागतो, मधली नळी लांबलचक असते. डायल फिरवल्यावर फरक उंदरापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तेवढा धीर न धरता पुन्हा फिरवलं, की कधी जास्त, कधी कमी असा खेळ सुरू होतो.

त्याहूनही मला काळजी असते ती उबेची. पंचवीस ग्रॅमचा जीव, भुलेत कुडकुडताही येत नाही. बघता बघता गार पडतो. म्हणून पेटीपासूनच ऊब हवी, मशीनमध्ये गरम पाण्याच्या नळ्यांचा बिछाना, आणि गुदद्वारात फायबर-ऑप्टिक तापमापक. शरीर ३७ अंशांच्या जवळ राहायलाच हवं. गार उंदराला तीच मात्रा जास्त होते, शिवाय मेंदूतला रक्तप्रवाहही बदलतो, म्हणजे प्रतिमेवरही विश्वास उरत नाही. पापण्या मिटत नाहीत, म्हणून डोळ्यांत मलम. उपाशी मात्र ठेवायचं नाही: उंदराला उलटी होतच नाही, उलट साखर झपाट्याने उतरते.

मेंदूचं काम टिपायचं असेल, तर निव्वळ आयसोफ्लुरेन मला पटत नाही. त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हवा तो संकेत क्षीण होतो. तिथे मेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध, सोबत अगदी थोडं आयसोफ्लुरेन. हृदयाचे ठोके मंदावतात, पण शेवटी अ‍ॅटिपॅमेझोलने त्याचा असर उतरवता येतो. त्यानंतर उंदीर उबदार पिंजऱ्यात एकटाच ठेवायचा, नीट चालायला लागेपर्यंत. अर्धवट शुद्धीतल्याला जागे सोबती चावू शकतात.